करड्या गाडीचे नवे ब्रेक

वाळूजचं वर्कशॉप विकलं, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात मी ती गाडी घेतली. दोन सीटची, बुटकी, करड्या रंगाची, ऑटोमॅटिक गिअरची स्पोर्ट्स कार. आधी दोघांनी वापरलेली होती, पुण्याहून आणली. अठ्ठावीस वर्षं मी प्रेस टूल, म्हणजे पत्र्याचे भाग काढायचे साचे, बनवायचं छोटं युनिट चालवलं. त्या सगळ्या वर्षांत स्वतःसाठी म्हणून एकच हौस मनात ठेवली होती, अशी एक गाडी कधीतरी घ्यायची. ती दारात आली. बायकोनं चाकांखाली लिंबं ठेवली, हळदीकुंकू वाहिलं, शेजारच्यांना पेढे वाटले. मी हसून सगळ्यांचे हात हातात घेतले. आतून मात्र काहीच वाटलं नाही. दगदग झाली असेल, होईल चारदोन दिवसांत नीट, असं मी धरून चाललो.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. तिनं वीस-बावीस वर्षं स्कूटरवर शाळेला ये-जा केली. गाडीत बसताना ती म्हणाली, "अहो, ही गाडी आहे का घसरगुंडी? उतरताना मला हाताला धरून ओढावं लागणार तुम्हाला."

वर्कशॉप होतं तेव्हा मी साडेआठला घर सोडायचो. विकल्यावरही साडेआठ वाजले की पाय दाराकडं वळायचे. मग मी गाडी काढायचो. सिडकोतून जालना रोडला लागायचं, चिकलठाणा, शेंद्रा, करमाडपर्यंत जायचं, तिथं टपरीवर चहा घ्यायचा आणि परत. बायको विचारायची, "कसं वाटलं?" मी म्हणायचो, "छान."

दिवाळी होऊन गेली होती. करमाडच्या अलीकडं माझ्यापुढं सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर चालला होता. शेताकडं वळायला म्हणून तो हळू झाला. मी ब्रेक दाबला. निदान मला तसं वाटलं. गाडी मात्र जात राहिली, आणि ट्रॉली समोरच्या काचेत मोठी मोठी होत गेली. मी आणखी जोरात दाबला. गाडी थांबली तेव्हा पुढचं नाक ट्रॉलीच्या खाली शिरलं होतं आणि नंबरप्लेट दुमडली होती. त्यापलीकडं काही झालं नाही.

ट्रॅक्टरवाला उतरून मागं आला. चाळिशीचा असेल, गळ्यात उपरणं. त्यानं आधी ट्रॉली पाहिली, मग माझी गाडी, मग मला.

"ओ काका, ब्रेक नाय का गाडीला?"

"आहेत हो. जरा नरम झालेत."

"नरम कशाचे? चाकं वाजली बी नाय. एवढी लई भारी गाडी घेतली, आन् ब्रेक बघितले नाय व्हय?"

मी चूक कबूल केली. लागलं नाही ना, असं तोच मला विचारून गेला. मी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवरच्या हातांकडं पाहिलं. अशा वेळी हात थरथरायला पाहिजेत. ते थरथरत नव्हते. छातीतही काही धडधडत नव्हतं. मी टपरीपर्यंत गेलो, रोजच्यासारखा चहा प्यालो आणि घरी येऊन पकडीनं नंबरप्लेट सरळ केली. बायकोला काही सांगितलं नाही.

चिकलठाण्याला एक मेकॅनिक उस्ताद आहेत. माझ्याच वयाचे, पांढरी दाढी, नाकावर घसरणारा चष्मा. वर्कशॉपचा टेम्पो मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडंच न्यायचो. त्यांनी करड्या गाडीची चारही चाकं काढली, पॅड पाहिले, डिस्कवरून बोट फिरवलं, मग स्वतः गाडी घेऊन एक चक्कर मारून आले.

"साहेब, ब्रेक तो एकदम बराबर है. पॅड बी आधा बाकी है."

"नरम लागतात हो उस्ताद. दाबलं तरी काही कळत नाही पायाला."

"मेरेकू तो कडक लगे."

"तुमचा पाय टेम्पोला सरावलेला आहे," मी म्हणालो.

ते हसले. त्यांनी ब्रेकचं जुनं तेल काढून नवं भरलं, पाइपांतली हवा काढली. मी गाडी चालवून पाहिली. फरक नव्हता. तसं सांगितल्यावर उस्तादांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मोठे ब्रेक लावायचे का? बडी डिस्क, चार पिस्टनचा कॅलिपर. रेसवाले लावतात. आप शौकीन आदमी, लगा लेंगे."

मी लगेच हो म्हणालो. खूप दिवसांनी करायला एक काम मिळालं होतं. मी घरी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, डिस्कचा व्यास, चाकाच्या आतली जागा, बोल्टांमधलं अंतर मोजलं. सामान बाहेरून मागवायचं होतं, त्याला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस मी गाडी बंद ठेवायला पाहिजे होती. मी ठेवली नाही. पुण्याहून मुलगी आली होती, सात वर्षांच्या नातीला आइस्क्रीम खायला त्याच गाडीतून मी सिडकोत फिरवून आणलं. ती शेजारच्या सीटवर गुडघे वर घेऊन बसली होती.

सामान आलं. पुढच्या दोन चाकांसाठी जाडजूड डिस्क, पॅड डिस्कवर दाबणारे लाल रंगाचे कॅलिपर, पोलादी जाळीत गुंडाळलेले पाइप. उस्तादांनी एक बाजू बसवायला घेतली, तर कॅलिपर धरून ठेवणारा जो ब्रॅकेट असतो त्याची भोकं जुळेनात. दोन-तीन मिलिमीटरचाच फरक होता. तेवढ्यानंही कॅलिपर डिस्कवर सरळ बसत नाही.

"ये तो आपका काम है साहेब," उस्ताद म्हणाले. "बना लाओ."

म्हणून मी वाळूजला गेलो. विकल्यानंतर पहिल्यांदाच. गेटवर नवी पाटी होती. नव्या मालकांनी पुढं येऊन हात मिळवला, आत नेलं, म्हणाले, "सर, तुमचंच आहे, कधीही या." माझी केबिन होती तिथं आता कंप्रेसर ठेवला होता. लोखंड कापायच्या मिलिंग मशीनवर माझा जुना ऑपरेटर होता. मी त्याला हातानं काढलेलं ड्रॉइंग दाखवलं, त्यानं ते दोनदा पाहिलं आणि कामाला लागला. माझं सगळं तरुणपण ज्या जागेत गेलं तिथं मी दोन तास उभा होतो. मशीन तीच, आवाज तोच, तेलाचा वासही तोच. मला भरून यायला पाहिजे होतं. ऑपरेटरला आलं. त्यानं तयार ब्रॅकेट फडक्यानं पुसून माझ्या हातात ठेवले आणि मान वळवून म्हणाला, "तुम्ही नाही तर करमत नाही साहेब इथं." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ब्रॅकेट चांगले झालेत, एवढंच मला सुचलं.

तिसऱ्या दिवशी ब्रेक बसले. उस्तादांनी सांगितलं, नवी डिस्क आणि नवे पॅड एकमेकांत मुरावे लागतात. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवायची, ब्रेक दाबून वेग कमी करायचा, पूर्ण न थांबता पुन्हा पळवायची. असं आठ-दहा वेळा. शहरात ते जमणारं नव्हतं. रविवारी सकाळी उस्ताद आणि मी पैठण रोडनं बिडकीनला गेलो. तिथं नव्या कारखान्यांसाठी रस्ते करून ठेवलेत. चौपदरी, मधोमध दुभाजक, दोन्ही बाजूंना अजून कंपन्या न आलेली सपाट जमीन. लांबवर शेळ्या चरत होत्या. माणूस नाही की गाडी नाही.

उस्तादांनी पट्टा लावला. "साठ पे लो, दाबो, बीस पे छोड दो. पूरा नक्को रोकना."

पहिल्या दोन वेळा बरं झालं. तिसऱ्यांदा मी दाबला तशी गाडी अशी थबकली, की उस्तादांचा चष्मा उडून पायाशी पडला.

"हळू, साहेब!"

"हळूच दाबला."

त्यांनी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला. पुढच्या दोन वेळा ब्रेक जेमतेम लागले. मग जळका वास यायला लागला. नवीन पॅडचा वास येतोच, हे मला माहीत होतं. मी पुन्हा वेग घेतला. गाडी जड चालल्यासारखी वाटत होती, इंजिन ओरडत होतं आणि काटा पन्नासच्या पुढं जात नव्हता. उजव्या बाजूच्या पुढच्या चाकातून धूर निघाला.

"साहेब, पाय काढा ब्रेकवरून."

"काढला की."

"नाही काढला. खाली बघा."

मी खाली पाहिलं. माझ्या बुटाची डावी बाजू ब्रेकवर होती आणि उजवी ॲक्सिलरेटरवर. दोन्ही एकदम दाबले जात होते. दुसऱ्या कुणाचा तरी बूट पाहावा तसा मी तो पाहिला. डोळ्यांनी बघत बघत पाय उचलला, तेव्हा कुठं गाडी हलकी झाली.

उस्तादांनी चाकं थंड होईपर्यंत सावकाश चालवायला लावली, मग कडेला थांबवायला सांगितलं. ते उतरले, चाकांपाशी वाकून पाहिलं आणि माझ्या बाजूला येऊन दार उघडलं.

"जूता काढा."

"कशाला?"

"काढा तर."

ते रस्त्यातच उकिडवे बसले. मी बूट काढला. राखाडी मोजा तळव्याकडं तपकिरी होऊन कडक झाला होता. त्यांनी तो हळूहळू सोलून काढला. अंगठ्याच्या खाली, तळव्याच्या मांसल भागात लोखंडाची एक वळलेली चिप रुतून बसली होती. मिलिंग मशीनवरून पडते तशी. बुटाच्या तळातून आरपार आली होती. वाळूजला जाऊन मला तीन दिवस झाले होते. तीन दिवस मी ती पायात घेऊन फिरत होतो, झोपत होतो. घरी मी एकदाही पायाकडं वाकून पाहिलं नव्हतं.

"दुखत नाही?"

"नाही."

त्यांनी जखमेच्या बाजूला अंगठ्यानं दाबलं. "आता?"

"नाही."

"आता?"

"दाबताय का तुम्ही?"

उस्तादांनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मला राग दिसला. "कब का दबा रहा हूं, साहेब. शुगर आहे ना तुम्हाला?"

"आहे थोडी. पाच-सहा वर्षांपूर्वी निघाली होती."

"गोळी?"

"घेतो. मधूनमधून."

"मेरे बडे भाई बी ऐसाच बोलते थे, थोडी है," ते म्हणाले. "उनका पंजा काटना पडा." मग म्हणाले, "ब्रेक तो पहले दिन से बराबर थे. मेरी बी गलती. मैं समझा, साहेब का शौक है, कायकू टोकना."

त्यांनी चिप काढली नाही. माझा पाय आपल्या स्वच्छ रुमालात गुंडाळला आणि पोराला उचलून बसवावं तसं मला पलीकडच्या सीटवर बसवलं. गाडी त्यांनी चालवली. वाटेत एका ठिकाणी कुत्रं आडवं आलं आणि त्यांनी नुसता पाय टेकवल्यासारखा केला. गाडी अलगद थांबली. "बहोत बढिया लगे," ते स्वतःशीच म्हणाले.

दवाखान्यात बायको आली. डॉक्टर बाई तिशी-पस्तिशीच्या होत्या. त्यांनी चिप काढली, जखम धुतली. ते सगळं मी उशीवर डोकं ठेवून पाहत होतो, मला भूल द्यावीच लागली नाही. मग त्या म्हणाल्या, "काका, डोळे मिटा. मी पायाला स्पर्श केला की हो म्हणा."

मी डोळे मिटले. काही वेळानं म्हणालो, "हो."

मी आणखी दोनदा हो म्हणालो. डोळे उघडले तर डॉक्टरांच्या हातात नायलॉनचा एक बारीक दोरा होता आणि बायको तोंडावर हात ठेवून उभी होती.

"तुम्ही हो म्हणालात तेव्हा मी हात लावलेलाच नव्हता," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "आणि लावला तेव्हा तुम्ही गप्प होतात."

दोन्ही पायांची संवेदना घोट्याच्या वरपर्यंत नाहीशी झाली होती. वर्षानुवर्षं वाढलेली साखर नसा खाते, पायाला काही लागलं तरी कळत नाही, बोटं कुठं आहेत हेही कळत नाही. त्यांनी कागदावर पायाचं चित्र काढून समजावलं. गेलेलं परत येईल असं त्या म्हणाल्या नाहीत. आहे ते सांभाळता येईल, म्हणाल्या. मग विचारलं, "घरात काही लक्षात आलं नव्हतं का?"

"यांची चप्पल अंगणात सुटून पडते," बायको म्हणाली, "आणि हे तसेच अनवाणी आत येतात. मला वाटायचं, लक्ष नसतं. वर्कशॉप गेल्यापासून कशातच लक्ष नसतं यांचं."

"गाडी चालवता?"

मी हो म्हणालो.

"आता नाही चालवायची."

तेव्हा मी सांगून टाकलं. करमाडचा ट्रॅक्टर, ट्रॉलीखाली गेलेलं नाक, दुमडलेली नंबरप्लेट. सगळं, एका दमात, एखादा रिपोर्ट वाचावा तसं. बायको ऐकत होती. तिनं एकच विचारलं.

"हे आपली नात आली त्याच्या आधी, का नंतर?"

"आधी."

ती उठून बाहेर गेली. मी औषधांची चिठ्ठी घेऊन लंगडत निघालो, तर ती बाकावर बसली होती.

"अगं, मला वाटलं ब्रेकच खराब आहेत," मी म्हणालो.

"मग खराब ब्रेकच्या गाडीत तिला बसवलं तुम्ही?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण बाकावरची दोन माणसं वळून पाहायला लागली. "पोर पुढं बसली होती. पुढं! मला तरी सांगायचं. मी नसती बसू दिली."

त्या क्षणी मला लाज वाटायला पाहिजे होती, आणि ती आहे हे मला ठाऊकही होतं. फक्त ती भिंतीपलीकडून कुणी बोलावं तशी लांबून ऐकू येत होती. मी तिला तेही सांगितलं, ज्या शब्दांत जमलं त्या शब्दांत. पायाचं आता कळलं, पण बाकीचंही असंच झालंय, म्हणालो. गाडी आली तेव्हाही, वाळूजला गेलो तेव्हाही. ती बराच वेळ माझ्या पट्टीकडं बघत बसली. मग म्हणाली, "चला. रिक्षा बघते."

जखम भरायला दोन महिने लागले. तेवढे दिवस मी पाय उशीवर ठेवून हॉलमध्ये बसून राहिलो. बायको सकाळ-संध्याकाळ माझा पाय मांडीवर घेऊन टॉर्चनं तपासायची, बोटांच्या बेचक्यासुद्धा सोडायची नाही. गोळ्या तिनं स्वतःच्या ताब्यात घेतल्या. पहिले आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरांकडंही पाठवलं. तिथंही मी जातो. एक लहान गोळी आहे, आठवड्यातून एकदा तासभर बोलायचं असतं. फरक आहे का, असं मुलगी फोनवर विचारते. झोप लागते, एवढं मी तिला सांगू शकतो.

गाडी विकायची ठरली. उस्तादांनी एक गिऱ्हाईकही आणलं होतं. ते बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी बायको किल्ली घेऊन हॉलमध्ये आली.

"हिला गिअर नसतात ना?"

"नसतात. आपोआप पडतात."

"म्हणजे स्कूटरसारखंच. चारचाकीचं लायसन माझं शाळेत नोकरीला असताना काढलेलंच आहे. चला, शिकवा."

मला वाटलं ती चिडून बोलतेय. पण तिनं साडीचा पदर खोचला होता. उस्तादांना फोन करून मी गिऱ्हाइकाला थांबवायला सांगितलं. ते फोनवर मोठ्यानं हसले.

पुढचे पंधरा दिवस आम्ही रोज सकाळी बिडकीनच्या त्याच रस्त्यांवर गेलो. तिथपर्यंत उस्ताद गाडी आणून द्यायचे, आम्ही मागून रिक्षानं यायचो, आणि मग ते लांब झाडाखाली जाऊन बसायचे. पहिल्या दिवशी तिनं ब्रेक दाबला आणि आम्ही दोघंही पट्ट्यात लटकलो.

"अगं बाई! हे काय लावून ठेवलंय तुम्ही?"

"मोठे ब्रेक आहेत. हळू दाब."

"हळू म्हणजे किती?"

मला सांगता येईना. चारशे टूल बनवले मी आयुष्यात, मिलिमीटरचा शंभरावा भाग मला बोटाला कळायचा, आणि हळू म्हणजे किती हे मला सांगता येईना. शेवटी मी म्हणालो, "तू दाब, आणि पायाला काय लागतं ते मला सांग. मग मी सांगतो."

तिनं गाडी चाळीसवर नेली आणि पाय टेकवला.

"आधी रिकामं आहे. काहीच नाही."

"किती?"

"एवढंसं. मग काहीतरी धरतं."

"तिथंच थांब. त्याच्या पुढं अगदी थोडं."

"आता कणकेच्या गोळ्यात बोट जातं ना, तसं लागतंय. दाबलं तर जातंय, पण तेही आपल्याला ढकलतंय."

"बरोबर. तेवढंच ठेव."

गाडी एकसारखी मंद होत गेली आणि धक्का न बसता थांबली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. ती पुन्हा निघाली, आणि दरवेळी न विचारता सांगायला लागली: आता धरलं, आता घट्ट झालं, आता सुटलं. मी समोर रस्त्याकडं बघत ऐकत होतो.

आता गाडी तीच चालवते. काल औरंगपुऱ्यात तिला कापड घ्यायचं होतं. तिथल्या गल्लीत रिक्षा, दुचाक्या, हातगाड्या आणि त्यांच्या मधोमध आमची बुटकी करडी गाडी मुंगीच्या चालीनं. लोक वाकून आत बघत होते, स्टिअरिंगवर कोण आहे म्हणून. जागा मिळेना. आम्ही तीन चकरा मारल्या. चौथ्या चकरेला एका स्कूटीवालीनं जागा सोडली, तशी बायकोनं आरशात बघून गाडी आत घातली आणि इंजिन बंद केलं.

"उतरताय का बसताय?" तिनं विचारलं.

"बसतो."

"मग काच खाली घ्या, गुदमरेल," ती म्हणाली, आणि दाराच्या चौकटीला धरून, कण्हत, हसत, बाहेर पडली.